डिप्लोमानंतर डायरेक्ट सेकंड इयर आणि शाखाबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलामुलींसाठी इंजिनिअरिंगच्या पदवीचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला की विद्यार्थी आणि पालक जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या प्रक्रियेला धरून आहेत. तारखा, फेऱ्यांची संख्या आणि काही बारीक नियम दर वर्षी बदलतात, म्हणून प्रवेशप्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाची त्या वर्षीची माहिती पुस्तिका शेजारी ठेवूनच हे वाचा.

डायरेक्ट सेकंड इयर म्हणजे नेमकं काय?

तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा पास झालेल्याला बी.ई. किंवा बी.टेक.च्या पहिल्या वर्षाला न बसता एकदम तिसऱ्या सेमिस्टरला प्रवेश मिळतो. मुलं याला 'डीएसई' म्हणतात. तीन वर्षांत पदवी हातात येते. दहावीनंतर तीन अधिक तीन, म्हणजे एकूण सोळा वर्षांचं शिक्षण. अकरावी-बारावी करून आलेल्याचीही बेरीज तेवढीच होते. 'डिप्लोमात एक वर्ष वाया जातं' असं सांगणाऱ्या नातेवाइकांना ही बेरीज दाखवा.

पात्रता काय लागते?

मान्यताप्राप्त संस्थेतून डिप्लोमा पूर्ण पास, आणि किमान ४५ टक्के गुण. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाच्या उमेदवारांना ४० टक्के. डिप्लोमा राज्य तंत्र शिक्षण मंडळाचा असो की एखाद्या स्वायत्त पॉलिटेक्निकचा, दोन्ही चालतात. ज्यांच्या गुणपत्रकावर टक्क्यांऐवजी सीजीपीए आहे त्यांनी आपल्या संस्थेकडून टक्केवारीत रूपांतर केलेलं प्रमाणपत्र निकालाच्या आठवड्यातच मागून घ्यावं. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी ऑफिस बंद असलं की जीव टांगणीला लागतो.

यासाठी सीईटी द्यावी लागते का?

नाही. महाराष्ट्रात गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या अंतिम टक्केवारीवर लागते. शेजारच्या कर्नाटकात 'डीसीईटी' आहे, तेलंगणात आणि आंध्रात 'ईसीईटी' आहे. आपल्याकडे तशी वेगळी परीक्षा नाही. याचा अर्थ एवढाच, की निकाल लागतो त्या दिवशी तुमची स्पर्धा संपलेली असते. त्यानंतर तुमच्या हातात तीन गोष्टी उरतात: कागदपत्रं, ऑप्शन फॉर्म (कॉलेज-शाखांच्या पसंतीची यादी) आणि कॉलेज सुरू होईपर्यंतचे रिकामे आठवडे. पुढची बहुतेक उत्तरं या तिघांभोवतीच फिरतात.

माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा आहे. कॉम्प्युटरला प्रवेश मिळतो का?

मिळतो. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, नियमावलीत थेट दुसऱ्या वर्षासाठी इंजिनिअरिंगच्या 'कोणत्याही' शाखेचा डिप्लोमा ग्राह्य धरला आहे. पूर्वी शाखांचे गट असायचे आणि आपल्या गटाबाहेर जाता यायचं नाही. अजूनही काही दादा-ताई त्या जुन्या अनुभवावरून 'मेकवाल्याला फक्त मेकच' असं सांगतात. ते त्यांच्या काळी खरं होतं. आता सिव्हिलवाला आयटीला जाऊ शकतो आणि कॉम्प्युटरवाली इलेक्ट्रिकलला.

वेगळ्या पार्श्वभूमीच्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स चालवावेत, असंही त्याच नियमावलीत म्हटलं आहे. काही कॉलेजांत ते मनापासून शिकवले जातात, काही ठिकाणी वेळापत्रकात नाव असतं आणि वर्ग रिकामा असतो. प्रवेश घेण्याआधी त्याच कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या डीएसईच्या मुलांना याबद्दल विचारा. प्रॉस्पेक्टसमधून ही गोष्ट कळत नाही.

नियमानं मिळतो हे समजलं. पण शाखा बदलावी का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

शाखा बदलणारा विद्यार्थी दोन ठिकाणी मागून सुरुवात करतो. बारावीवरून आलेल्या मुलांनी पहिल्या वर्षात जे केलं ते त्याचं झालेलं नसतं. शिवाय त्याच शाखेचा डिप्लोमा करून आलेल्यांकडे जी तीन वर्षांची शिदोरी असते, तीही त्याच्याकडे नसते. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या सेमिस्टरला साधारण डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आणि डिजिटल किंवा कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन असे विषय येतात. शिकवणारे 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा सगळ्यांना येते असं धरून चालतात. मेकॅनिकलच्या डिप्लोमात तुम्ही लेथवर जॉब केलेत, थिअरी ऑफ मशीन्स केलंत, कॅडवर असेंब्ली उभी केलीत, पण पॉइंटर कधी पाहिलेला नसतो.

म्हणून निकालाची वाट पाहताना स्वतःची एक चाचणी घ्या. एक भाषा निवडा, सी असेल तर उत्तम. मूलभूत गोष्टी शिकून लिंक्ड लिस्ट स्वतः लिहा: नोड जोडणं, मधला नोड काढणं, सगळी यादी उलटी करणं. व्हिडिओ बंद करून, कोऱ्या पानावरून. पहिल्या प्रयत्नात प्रोग्रॅम मध्येच बंद पडेल, 'सेग्मेंटेशन फॉल्ट' दिसेल. मग प्रत्येक पॉइंटर कुठे बोट दाखवतोय याचे चौकोन आणि बाण वहीवर काढत तुम्ही चूक शोधाल. हे करताना जेवायची आठवण राहिली नाही, तर बिनधास्त शाखा बदला. जेमतेम अर्धा तास काढलात आणि उठून गेलात, तर पुढची तीन वर्षं रोज हेच करायचं आहे, याचा नीट विचार करा.

उलट्या दिशेनंही हीच चाचणी लागू पडते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मेकॅनिकल किंवा सिव्हिलला जायचं असेल तर ओव्हरहँगिंग बीमचा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट डायग्राम काढून बघा. त्याआधी इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधलं समतोलाचं प्रकरण पक्कं करावं लागेल, कारण स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सची इमारत त्यावरच उभी आहे.

जवळच्या शाखांमधला बदल बराच सोपा जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी डिजिटल आणि मायक्रोकंट्रोलर केलेले असतात, त्यामुळे कॉम्प्युटरचा अर्धा भाग ओळखीचा निघतो. इलेक्ट्रिकलमधून इलेक्ट्रॉनिक्सला, मेकॅनिकलमधून ऑटोमोबाइल, प्रॉडक्शन किंवा मेकॅट्रॉनिक्सला जाणं म्हणजे शेजारच्या आळीत जाणं. सिव्हिलमधून कॉम्प्युटरला जाणाऱ्यांची उडी सर्वांत लांब असते. ती मारणारी आणि पुढे चांगली निघणारी मुलं आहेत, पण त्यांनी उन्हाळा वाया घालवलेला नसतो.

आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. फक्त 'आयटीत पैसा आहे' या एका वाक्यावर शाखा बदलू नका. मेकॅनिकलच्या डिप्लोमात ८५ टक्के मिळवणारा मुलगा त्या विषयात चांगला आहे हे सिद्ध झालेलं असतं. त्यानं मेकॅनिकलमध्येच राहून पायथन, सिम्युलेशन, ऑटोमेशन शिकलं तर चाकण, तळेगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी या पट्ट्यात त्याला विचारणारे आहेत. आवड बदलली असेल तर शाखा जरूर बदला. शेजाऱ्याच्या मुलाचं पॅकेज ऐकून मात्र नको.

सरकारी नोकरीच्या दृष्टीनं शाखाबदलाचा काही परिणाम होतो का?

होतो, आणि याचा विचार फार थोडे जण आधी करतात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महावितरण, महापालिका इथल्या अभियंत्यांच्या जाहिरातींत शाखा स्पष्ट लिहिलेली असते. सिव्हिलचा डिप्लोमा आणि कॉम्प्युटरची पदवी असं असेल, तर सिव्हिलच्या डिप्लोमावर भरल्या जाणाऱ्या कनिष्ठ अभियंता पदाला तुम्ही पात्र राहाल, पण जिथे सिव्हिलची पदवीच हवी तिथे नाही. लोकसेवा आयोगाच्या स्थापत्य, विद्युत, यांत्रिकी अभियांत्रिकी सेवांमध्येही पदवीची शाखा बघतात. 'गेट' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला तुम्ही कोणताही पेपर निवडू शकता, पण गेटच्या गुणांवर भरती करणाऱ्या सार्वजनिक कंपन्या पदवी कोणत्या शाखेची आहे हे आधी तपासतात. ज्याला पीडब्ल्यूडीतच जायचं आहे त्यानं कॉम्प्युटरच्या मोहात पडू नये.

जागा किती असतात? कॉम्प्युटरचा कटऑफ इतका वर का जातो?

जागा दोन वाटांनी येतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा जादा म्हणून थेट दुसऱ्या वर्षासाठी असतात. त्यात आधीच्या वर्षी पहिल्या वर्षाला रिकाम्या राहिलेल्या जागांची भर पडते.

आता हिशेब करा. चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या ६० जागा पहिल्याच वर्षी भरलेल्या असतात, रिकामी जागा एकही नाही. मग डिप्लोमावाल्यांसाठी उरतात सहा. त्या सहा पुन्हा प्रवर्गांत विभागल्या जातात, म्हणजे खुल्या प्रवर्गाला दोन-तीन. राज्यभरातून नव्वदीच्या पुढची मुलं त्या दोन-तीन जागांवर नजर ठेवून असतात. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, पुण्याच्या सीओईपीत किंवा सांगलीच्या वालचंदमध्ये डीएसईचा कटऑफ असा का चढतो, ते यावरून कळेल. तिकडे ज्या कॉलेजात सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाच्या निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या, तिथे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात अर्धी मुलं डिप्लोमाची असतात आणि कमी टक्क्यांवरही प्रवेश होतो.

म्हणून गेल्या वर्षीचा कटऑफ वाचताना त्या शाखेत त्या वर्षी किती जागा होत्या तेही बघा. दोन जागांचा कटऑफ एका हुशार मुलाच्या फॉर्मनं चार टक्के वर-खाली होऊ शकतो. तीस जागांचा सहसा होत नाही.

ऑप्शन फॉर्म कसा भरावा?

आपल्या इच्छेच्या क्रमानं, कटऑफच्या क्रमानं नव्हे. संगणक पहिल्या पर्यायापासून खाली जात जातो आणि तुमच्या गुणांत बसणारा पहिला पर्याय देतो. वर अवघड कॉलेजं टाकली म्हणून खालचं सोपं कॉलेज हातचं जात नाही. 'एवढ्या वरचं कशाला टाकायचं' म्हणून मुलं स्वतःच स्वतःचं नाव कापतात, आणि मग त्याच कॉलेजचा कटऑफ आपल्याखाली घसरलेला बघून हळहळतात.

दुसरी गोष्ट, जिथे जायचंच नाही असं कॉलेज यादीत घालू नका. नगरच्या मुलीला घरून गडचिरोलीला पाठवणार नसतील तर ते नाव 'राहू दे असंच' म्हणून ठेवायचं नाही. मिळालं की पंचाईत होते.

शाखा आणि कॉलेज यांची सरमिसळ हवी असेल तर ती डोळे उघडे ठेवून करा. वडिलांसोबत किंवा घरातल्या कोणाशी बसून आधी कागदावर पन्नासेक पर्यायांची यादी करा, बसचं अंतर, हॉस्टेल, फी, शाखा लिहा, आणि मग लॉगिन करा. सायबर कॅफेत मागे रांग लागलेली असताना हे ठरत नाही. पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका, फॉर्म तुम्ही स्वतः कन्फर्म करा.

फ्रीझ आणि बेटरमेंट म्हणजे काय?

मिळालेली जागा मान्य असेल आणि पुढच्या फेरीत पडायचं नसेल तर फ्रीझ. जागा हातात ठेवून वरचा पर्याय मिळतो का ते बघायचं असेल तर बेटरमेंट. बेटरमेंटमध्ये वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणून पहिला पर्याय फार विचारपूर्वक लिहा. दोन्ही बाबतीत ठरलेल्या मुदतीत जागा ऑनलाइन स्वीकारून शुल्क भरावं लागतं. ते राहिलं तर जागाही जाते.

कोणती कागदपत्रं आधी तयार ठेवावीत?

दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार. ही मिळतात. अडचण येते ती प्रवर्गाच्या कागदांची.

जातीचं प्रमाणपत्र पुरेसं नसतं, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. त्याचा अर्ज समितीकडे जातो आणि निकालाला महिने लागू शकतात. डिप्लोमाच्या पाचव्या सेमिस्टरलाच, कॉलेजचं पत्र घेऊन अर्ज टाका. ओबीसी, एसईबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी यांना नॉन-क्रिमी लेअर प्रमाणपत्र लागतं आणि ते प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं. गेल्या वर्षी काढलेलं घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मुदतीची तारीख आज वाचा. नावातलं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं, आधारवर वेगळं, असं असेल तर ते जूनच्या गर्दीआधी दुरुस्त करून घ्या.

तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रात जून-जुलैमध्ये काय गर्दी असते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. हे काम मार्चमध्ये करणाऱ्याला एक चक्कर पुरते.

फीचं काय? सवलती डिप्लोमावाल्यांनाही मिळतात का?

मिळतात, पण बहुतेक सवलतींची अट एकच: प्रवेश कॅपमधून, म्हणजे सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, झालेला असावा. संस्थास्तरावरच्या कोट्यातून प्रवेश घेतला तर राज्याच्या योजनांवर पाणी सोडावं लागतं. कोणी एजंट 'काही फरक पडत नाही' म्हणाला तरी फरक पडतो.

वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींसाठी २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शहरात राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. हे सगळे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे.

मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वेगळी आहे: वर्षाला ५० हजार रुपये, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत, आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलीही तिला पात्र असतात. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सक्षम' आहे. कित्येक पात्र मुली केवळ माहिती नसल्यामुळे प्रगतीचा अर्जच करत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. ओळखीत कोणी असेल तर आजच सांगा.

डिप्लोमावाल्यांना गणित जड जातं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्याचं कारण हुशारीत नाही, अभ्यासक्रमात आहे.

डिप्लोमात गणित पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये संपतं. अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये इंटिग्रेशन, पहिल्या ऑर्डरची डिफरन्शियल इक्वेशन्स, थोडी न्यूमरिकल मेथड्स आणि प्रोबॅबिलिटी होते. त्यानंतर दोन वर्षं गणिताला हात लागत नाही. पदवीच्या एम-३ ला (गणिताचा तिसरा पेपर) मात्र लाप्लास, फुरिअर, वरच्या ऑर्डरची लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्स, व्हेक्टर कॅल्क्युलस समोर येतात. पहिल्या वर्षातले पार्शल डेरिव्हेटिव्ह, मल्टिपल इंटिग्रल आणि आयगेन व्हॅल्यू माहीत आहेत असं शिक्षक धरून चालतात.

एक साधं उदाहरण घ्या. लाप्लास ट्रान्सफॉर्मची व्याख्या म्हणजे शून्यापासून अनंतापर्यंतचं एक इंटिग्रल. त्यात 'टी' हे अगदी साधं फंक्शन घातलं तरी इंटिग्रेशन बाय पार्ट्स करावं लागतं. मर्यादा घालताना एक पद शून्य होतं ते का होतं हे समजावं लागतं, आणि उत्तर येतं 'एक भागिले एसचा वर्ग'. बारावीवरून आलेला हे दोन ओळींत करतो. डिप्लोमावाल्याला लाप्लास अवघड वाटतो, पण खरं तर तो अडतो दोन वर्षांपूर्वी विसरलेल्या बाय पार्ट्सवर. दुखणं नेमकं कुठे आहे हे कळलं की औषध सोपं असतं.

तेव्हा कॉलेज सुरू होण्याआधी रोज दीड तास द्या. आधी डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशनची सूत्रं लिहून पाठ, मग बाय पार्ट्स आणि पार्शल फ्रॅक्शन, मग पार्शल डेरिव्हेटिव्ह, शेवटी मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू. क्लास लावायलाच हवा असं नाही. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली तांत्रिक पुस्तकं मोफत आहेत, आणि पहिल्या वर्षाचं कोणतंही जुनं पुस्तक सीनिअरकडे पडलेलं असतं. बघून समजणं आणि हातानं सोडवणं यात फार अंतर आहे, म्हणून वही भरली पाहिजे.

कॉलेजला पोचेपर्यंत निम्मं सेमिस्टर संपलेलं असतं. मग काय करायचं?

कॅपच्या फेऱ्या संपता संपता नियमित मुलांचे वर्ग सुरू होऊन कित्येक आठवडे झालेले असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये इन-सेम (सेमिस्टरच्या मधली) परीक्षा ३० गुणांची आणि पहिल्या दोन युनिट्सवर होती. म्हणजे तुम्ही आलात तेव्हा जे शिकवून झालेलं होतं, त्यावरच पहिला पेपर. इतर विद्यापीठांतही थोड्याफार फरकानं हेच होतं.

प्रवेश निश्चित झाला की त्याच दिवशी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. वर्गातल्या कोणाकडून तरी पहिल्या दोन युनिट्सच्या नोट्स आणि प्रॅक्टिकलची यादी मिळवा. सुटलेल्या असाइनमेंट आणि जर्नल पूर्ण करायला किती मुदत आहे ते पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना भेटून विचारा, गप्प बसू नका. बहुतेक शिक्षक समजून घेतात, पण विचारणाऱ्यालाच.

पहिल्या सेमिस्टरला एक-दोन केटी लागल्या (विषय राहिले) म्हणून खचू नका. डिप्लोमाच्या मुलांचा आलेख सहसा चौथ्या सेमिस्टरपासून वर चढतो. वर्कशॉप, ड्रॉइंग, प्रोजेक्ट, व्हायवा इथे तर ती पहिल्या दिवसापासून पुढे असतात.

मराठी माध्यमातून शिकलो आहे. पदवीला भाषेचा त्रास होईल का?

राज्य मंडळानं २०२१-२२ पासून डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्वैभाषिक पर्याय दिला, त्याचा अनेकांना आधार झाला. पदवीला पेपर बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच असतो. संकल्पना मराठीतून समजून घ्या आणि उत्तरं इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा करा. इंग्रजी कच्चं म्हणून शाखा किंवा कॉलेज सोडायचं कारण नाही.

प्रवेश झाल्यावर दुसऱ्या वर्षात शाखा बदलता येईल का?

यावर भिस्त ठेवू नका. कॉलेजांतर्गत शाखाबदलाची संधी साधारणतः पहिल्या वर्षाच्या निकालावर, रिकाम्या जागा असतील तर मिळते. तुम्ही तो टप्पा ओलांडूनच आत येता. 'आत्ता सिव्हिल घे, नंतर कॉम्प्युटर करून देऊ' असं कोणी तोंडी आश्वासन दिलं तर ते लेखी मागा. लेखी मिळणार नाही.

मनाची शाखा मिळालीच नाही तर 'मायनर'चा मार्ग आहे. एआयसीटीईच्या रचनेत साधारण १८ ते २० जादा क्रेडिट घेऊन दुसऱ्या विषयात मायनर करता येते, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत बहुविद्याशाखीय मायनर आलंच आहे. सिव्हिलचा विद्यार्थी डेटा सायन्समध्ये मायनर करू शकतो. पदवी मात्र सिव्हिलचीच राहते.

मोठं कॉलेज घ्यावं की आवडीची शाखा?

आवडीची शाखा. दोन कॉलेजांत फरक फार मोठा असेल, म्हणजे एकीकडे सीओईपी आणि दुसरीकडे जिथे प्रयोगशाळाच धड नाही असं कॉलेज, तर दोनदा विचार करा. पण दोन मध्यम कॉलेजांमध्ये नावासाठी नावडती शाखा घेतलेली मुलं तिसऱ्या वर्षाला सर्वांत जास्त कंटाळलेली दिसतात.

सहाव्या सेमिस्टरला एक विषय राहिला. फॉर्म भरता येईल का?

नाही. डिप्लोमा पूर्ण पास असावा लागतो. हिवाळी परीक्षेत विषय सुटला तरी प्रवेश पुढच्या वर्षीच. निकालाबद्दल शंका असेल तर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज मुदतीत करा, आणि गुण बदलले तर सुविधा केंद्राला लगेच कळवून अर्जात दुरुस्ती करून घ्या. वर्ष रिकामं जाणार असेल तर अप्रेंटिसशिप बघा. हातात स्टायपेंड येतो आणि शॉपफ्लोरवर जे शिकायला मिळतं ते पुढे व्हायवात कामी येतं.

डिप्लोमानंतर दोन-तीन वर्षं नोकरी केली. आता प्रवेश मिळेल का?

मिळेल, वयाची अट नाही. गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतील, ते तयार ठेवा. नोकरी सोडणं शक्य नसेल तर २०२३ पासून एआयसीटीईनं नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेत चालणारे पदवी अभ्यासक्रम पुन्हा सुरू करायला परवानगी दिली आहे. त्याला किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो.

पत्राचारानं 'घरबसल्या बी.ई.' देणाऱ्यांपासून दूर राहा. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये दूरस्थ पद्धतीच्या इंजिनिअरिंग पदव्यांबाबत दिलेल्या निकालानं हजारो जणांच्या पदव्या अडचणीत आल्या. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयई परीक्षेचंही तसंच: पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे. काकांनी त्याच्या जोरावर बढती मिळवली असेल, तुम्हाला तो रस्ता उरलेला नाही.

ही पदवी कमी दर्जाची मानतात का?

नाही. प्रमाणपत्र तेच, विद्यापीठ तेच. कॅम्पसला कंपन्या बारावीच्या जागी डिप्लोमाची टक्केवारी घेतात. दहावी, डिप्लोमा आणि पदवी तिन्हींत ६० टक्के ही अट बऱ्याच ठिकाणी असते. पदवीचा सीजीपीए फक्त सहा सेमिस्टरवर बनतो, त्यामुळे पहिलं सेमिस्टर खराब गेलं तर ते ओढत न्यावं लागतं. म्हणूनच वर गणिताबद्दल एवढं लिहिलं. एम.टेक., गेट, परदेशातलं एम.एस. या सगळ्यांना दारं उघडी आहेत. आयआयटीत मात्र बी.टेक.ला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश नाही.

बीएस्सी आणि आयटीआयवाल्यांचं काय?

बारावीला गणित असलेल्या बीएस्सीधारकांना ४५ टक्क्यांवर (राखीव ४०) थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश आहे. त्यांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे विषय सोडवायची तयारी ठेवावी लागते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यांना डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो आणि तिथून पुढे पदवीला. आयटीआयच्या फिटर ट्रेडपासून मेकॅनिकलच्या पदवीपर्यंत जाणारा हा जिना अगदी खरा आहे.

आम्ही बेळगाव भागातले. महाराष्ट्रात येता येईल का?

महाराष्ट्र शासनानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी प्रवेश नियमांत सीमाभागाची वेगळी तरतूद आहे. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला विहित नमुन्यातच काढा, साध्या कागदावरचा चालत नाही. सोबत कर्नाटकची डीसीईटीही देऊन ठेवा. दोन्ही राज्यांच्या तारखा वेगवेगळ्या पडतात, आणि एकीकडे मूळ कागद जमा केले की दुसरीकडे दाखवायला उरत नाहीत. कोणत्या राज्यात शिकायचं हे मूळ कागद देण्याआधी पक्कं करा.